ईएसआर ६२, सीआरपी १४: आईच्या रिपोर्टमधली कोणती ओळ आधी वाचायची?

खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या बाजूच्या एका मुलानं आईचे दोन रिपोर्ट दाखवून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आई ५८ वर्षांची. दोन वर्षं गुडघे दुखतात, आता हाताची बोटंही आखडतात. खानापुरातल्या लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं तेव्हा ईएसआर ६२ आणि सीआरपी १४.२ आला (शरीरात कुठं दाह चालू आहे का, याची चाहूल देणाऱ्या या दोन तपासण्या). दहा दिवसांनी दुसऱ्या लॅबचा मुलगा सकाळी आठला घरी येऊन रक्त घेऊन गेला. त्या बेळगावच्या लॅबचा रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला: ईएसआर ४८, सीआरपी १.१. आमवातासाठी करतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह. मधल्या दहा दिवसांत एक काढा चालू होता, तो लागू पडला असं घरच्यांचं म्हणणं. शेजारी म्हणतात रक्तात इन्फेक्शन आहे. मावशीला कॅन्सरची शंका. काउंटरवरच्या मुलीनं कन्नडमध्ये ‘उरियूत’ आहे म्हणून सांगितलं. त्यातला ‘उरी’, म्हणजे जळजळ, एवढाच भाग आईंना कळला आणि त्या दिवसापासून त्यांनी चटणी-भाकरीतली चटणी सोडली. मुलाचे प्रश्न दोन. कोणत्या लॅबचा आकडा खरा? आणि ईएसआर कमी व्हायला आईला काय खायला द्यावं?

मी पॅथॉलॉजिस्ट. गेली २७ वर्षं बेळगावात रक्त तपासते, म्हणजे माणसं कमी आणि नळ्या जास्त बघते, हे आधीच सांगून टाकते. आईंना मी पाहिलेलं नाही. त्यांची बोटं हातात धरून बघणारा डॉक्टर जे सांगेल त्याचं वजन माझ्या लिहिण्यापेक्षा जास्त. पण हे आकडे कसे तयार होतात आणि कुठं फसवतात ते रोजच्या कामातून मला माहीत आहे, तेवढं सांगते. आणि दोन्ही रिपोर्ट बघून मला वाटतं की तुमची खरी अडचण ईएसआर नाहीच. ज्या आकड्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, तिथं ती आहे.

पण आधी ते ‘उरियूत’. इंग्रजी इन्फ्लमेशनला कन्नडमध्ये उरियूत म्हणतात. उरी म्हणजे जळजळ, ऊत म्हणजे सूज. शब्द झकास आहे, आपल्या ‘दाह’पेक्षा मला तोच जास्त आवडतो. अडचण अशी की आपल्याकडं रिपोर्ट इंग्रजीत येतो, समजावणं कन्नडमध्ये होतं आणि घरी चर्चा मराठीत. एवढा प्रवास करून अर्थ चुलीपाशी पोचतो तेव्हा त्यातलं निम्मं वाटेत सांडलेलं असतं. आईंना वाटली तशी ही पोटातली जळजळ नव्हे. शरीरात कुठं इजा झाली, जंतू शिरले, किंवा संरक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर उलटल्या की त्या जागी लाली, सूज, ऊब आणि वेदना येते. त्याची वर्दी यकृताला लागते, यकृत काही ठरावीक प्रथिनं जास्त बनवायला घेतं, आणि ती रक्तात उतरतात. आम्ही मोजतो ती त्यांची चाहूल. तिखटाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

गावात रात्री कुत्री भुंकायला लागली की कोणीतरी आलंय एवढं नक्की कळतं. चोर आला, कोल्हा आला की शेवटच्या एसटीनं जावई आला, ते कुत्र्यांच्या आवाजावरून ओळखता येत नाही. उठून कंदील घेऊन बघावं लागतं. ईएसआर आणि सीआरपी ही दोन्ही ती कुत्री. ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ हे शेजाऱ्यांचं वाक्य आणि मावशींची कॅन्सरची शंका, दोन्ही भुंकण्यावरून काढलेले निष्कर्ष आहेत.

आता १४.२ आणि १.१ चा घोळ. सीआरपी म्हणजे सी-रिऍक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या अंशाला ते चिकटतं, म्हणून हे नाव. काही लॅब ते मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये सांगतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात हे एकक छापलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. तुमचा पहिला रिपोर्ट प्रतिलिटरचा आहे, दुसरा प्रति डेसिलिटरचा. दुसऱ्याला दहानं गुणा: ११. म्हणजे १४ वरून ११. इतका फरक तर एकाच माणसाचं रक्त दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या मशीनवर लावलं तरी पडतो. काढ्यानं चौदाचं एक केलं नाही, एककानं केलं. हा घोटाळा मी महिन्यातून दोन-तीनदा तरी बघते. एकदा तर याच भ्रमात एका गृहस्थांनी चांगलं चाललेलं औषध ‘आता नॉर्मल झालं’ म्हणून बंद केलं होतं.

लहान लॅबमध्ये अजून सीआरपी काचेवर बघतात. गडद पट्टीवर रक्तद्रवाचा एक थेंब, त्यात लॅटेक्सचा एक थेंब, आणि पट्टी हातात धरून हळूहळू डोलवायची. दोन मिनिटांत दूध फाटल्यासारखे कण दिसले की ‘पॉझिटिव्ह’. साधारण ६ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असलं की कण दिसतात. म्हणजे सात असो की सत्तर, शब्द एकच. कोविडनंतर पॉझिटिव्ह या शब्दाची लोकांनी एवढी धास्ती घेतली आहे की असा रिपोर्ट हातात पडला की घरात रडारड होते. आकडा नसेल तर आकडा मागून घ्या.

सीआरपीचा खरा गुण त्याच्या वेळेत आहे. दाह सुरू झाला की सहा-आठ तासांत तो चढायला लागतो, दीड-दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणून ताप चढल्याच्या पहिल्या दोन-चार तासांतला नॉर्मल सीआरपी कोणाला निर्धास्त करायच्या कामाचा नाही. उलट न्यूमोनियाच्या रोग्याचा सीआरपी परवा २००, काल १२०, आज ५५ असेल तर औषध लागू पडतंय हे त्याच्या चेहऱ्याआधी नळी सांगते. ऑपरेशननंतर तो दोन-तीन दिवस चढतोच. उतरायला लागून पुन्हा चढला तर सर्जन कान टवकारतो. आकडा शंभराच्या वर गेला की जंतूंचा संसर्ग बराच संभवतो, आणि साध्या व्हायरल तापात तो बहुधा बराच खाली राहतो. पण या हद्दी पक्क्या कुंपणाच्या नाहीत, दोन्हीकडची गुरं दोन्हीकडं चरतात. १४ किंवा ११ हा आकडा या सगळ्यात बारीकच. काहीतरी मंद चाललंय, यापलीकडं तो काही बोलत नाही.

ईएसआरची गोष्ट वेगळी, आणि ती मला थोडी लांबवावीशी वाटते, कारण ही तपासणी डोळ्यांनी बघता येते. १९२१ मध्ये स्वीडनच्या आल्फ वेस्टरग्रेन यांनी जी रीत पक्की केली तीच आजही मानाची. चार भाग रक्त, एक भाग सायट्रेट, रक्त गोठू नये म्हणून. ते २०० मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक काचनळीत भरायचं, नळी स्टँडमध्ये ताठ उभी करायची आणि तासभर हात लावायचा नाही. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात, वर गवती चहाच्या रंगाचा द्रव मोकळा होतो. तासाभरात किती मिलिमीटर मोकळा झाला, तो ईएसआर. तुमच्या आईंच्या बाबतीत ६२ मिलिमीटर.

एरवी तांबड्या पेशी एकमेकींना ढकलत, अंतर राखून असतात. रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढली की त्या एकमेकींना चिकटून बुट्टीतल्या भाकऱ्यांसारख्या चवडीनं बसतात. चवड जड, म्हणून लवकर खाली जाते. थोडक्यात ईएसआर दाह थेट मोजतच नाही, पेशी किती वेगानं बसल्या ते मोजतो. आणि तो वेग दाहाशिवाय दहा कारणांनी वाढतो. गरोदरपणात वाढतो, वयाबरोबर वाढतो, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त असतो, लठ्ठपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात वाढतो. शिवाय फायब्रिनोजेन रक्तातून सावकाश ओसरतं, त्यामुळं आजार बरा होऊन सीआरपी खाली आला तरी ईएसआर आठवडेच्या आठवडे वर रेंगाळतो. कुत्री केव्हाच गप्प झाली तरी पाणवठ्यावर त्या रात्रीची चर्चा चालूच राहावी, तसं.

वयासाठी एक ढोबळ हिशेब आहे. पुरुषाचं वय भागिले दोन, बाईचं वय अधिक दहा भागिले दोन. आईंचं ५८ अधिक १०, निम्मे ३४. म्हणजे त्यांच्या वयाला ३४ पर्यंत मी भुवया उंचावणार नाही. रिपोर्टवर मात्र छापील मर्यादा २० असते, आणि एकविसाव्या मिलिमीटरपासून आकडा जाड ठशात येतो. ६२ हा ३४ च्या वर आहेच, ते नाकारत नाही. पण घरात वाटतंय तसा ‘तिप्पट’ नाही.

मग ६२ चे ४८ कसे झाले? काढ्याला श्रेय देण्याआधी रक्ताचा प्रवास बघा. पहिल्या वेळी आई लॅबमध्येच बसल्या होत्या, रक्त तिथंच लगेच नळीत गेलं असणार. दुसऱ्या वेळी सकाळी आठला गावातून निघालेलं रक्त तीन-चार गावं फिरून, मोटारसायकलवरच्या डब्यातून दुपारनंतर बेळगावात पोचलं. साध्या तापमानाला चार तासांपेक्षा जास्त राहिलं की पेशींचा आकार बदलतो, त्यांची चवड नीट बसत नाही आणि ईएसआर खोटाच कमी येतो. थंड पेटीत ठेवलेलं रक्त जास्त वेळ टिकतं, पण त्या पेटीत बर्फ होता की नुसतंच झाकण, ते त्या मुलालाच माहीत. सीआरपीला प्रवासाचा असा त्रास होत नाही. तेव्हा कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांना मी नेहमी सांगते, ईएसआर बघायचाच असेल तर लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, घरपोच सेवेत नको.

लॅबवाल्यांवर बोट ठेवतेय तर माझी स्वतःचीही फजिती सांगते. लॅब सुरू केली ते पहिलं वर्ष, भाड्याची खोली, बेळगावचा जुलै. एका दुपारी ११ जणांचे ईएसआर लावले आणि अकराही ४० च्या वर आले. त्यात एक शाळकरी मुलगा होता, नुसत्या सर्दीचा. मला घाम फुटला. शेवटी स्वतःचं रक्त काढून लावलं. आठवड्यापूर्वी १२ आला होता, आता ३८! तासभर रसायनांना दोष देत बसले. मग जमीन पुसायला आलेल्या बाईंनी सांगितलं, ‘बाई, तुमचं टेबल डुगडुगतंय की.’ ओल धरून एक फरशी फुगली होती, टेबलाचा पाय वर उचलला गेला होता, स्टँड आणि सगळ्या नळ्या चांगल्याच कललेल्या. नळी कलली की पेशी खालच्या कडेला घसरतात आणि द्रव वरच्या कडेनं चढतो, मग त्या भराभर बसतात. तीन अंशांनी कलली तरी आकडा चांगला तिसऱ्या हिश्शानं वाढतो. एकाला रिपोर्ट देऊनही टाकला होता, त्याला फोन करून परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून पाणसळ आणली. ती अजून त्या स्टँडशेजारी असते, सकाळी पहिली नळी लावण्याआधी तिच्यातला बुडबुडा मध्ये आहे ना, ते बघायचं.

आता मुद्द्यावर येते. दोन्ही रिपोर्टमध्ये तुम्ही ज्यावर लाल पेनानं गोल केलेत ते ईएसआर आणि सीआरपी. माझी नजर वरच्या ओळीवर अडली. हिमोग्लोबिन ९.२, दुसऱ्या रिपोर्टमध्ये ९.१. प्लेटलेट ४ लाख ६० हजार. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं. आपल्याकडं ‘बायकांना रक्त कमीच असतं’ म्हणून ही ओळ सगळेच सोडून देतात, कधीकधी डॉक्टरसुद्धा.

रक्त कमी असलं की नळीत पेशींची गर्दी कमी, खाली बसायला वाट मोकळी, म्हणून ईएसआर आपोआप वाढतो. तेव्हा ६२ मधला काही भाग निव्वळ रक्तक्षयाचा आहे. किती भाग, ते मला नेमकं काढता येणार नाही. पण जास्त महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. ५८ व्या वर्षी पाळी बंद झालेल्या बाईचं रक्त जातंय कुठं?

तुम्ही लिहिलंय की गुडघ्यांसाठी दोन वर्षं ‘दुखण्याची गोळी’ चालू आहे, मेडिकलमधून, लागेल तशी. डायक्लोफेनॅक, ऍसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या जठराच्या अस्तराला जखम करतात आणि तिथून रक्त थेंब थेंब झिरपत राहतं. उलटीतून किंवा शौचातून दिसेलच असं नाही. वर्षभरात लोह संपतं, हिमोग्लोबिन उतरतं, प्लेटलेट थोड्या चढतात, माणूस थकतो, आणि आपण म्हणतो वय झालं. म्हणजे गुडघा दुखला म्हणून गोळी, गोळीनं जठर, जठरानं रक्त, कमी रक्तानं ईएसआर, आणि मग ईएसआर कमी करायला काढा. साखळी अशीच असेल तर काढा तिच्या चुकीच्या टोकाला लागलाय.

‘असेल तर’ हे मी मुद्दाम म्हणतेय. उलटंही असू शकतं: सांध्यांचा जुना दाहच रक्त बनू देत नसेल. किंवा आतड्यातली गाठ, मूळव्याध, दुसरंच काही. हे वेगळं करायला एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार, लोह कमी पडलं की तो लहान होतो), रक्ताच्या काचेवरचं चित्र, फेरिटिन आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघतात. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. पण दाहात तेही फुगतं. दाह नसलेल्या माणसात ३० च्या खाली गेलं की लोह कमी, दाह असलेल्यात ७०-८० असूनही साठा रिकामा असू शकतो. म्हणून ‘फेरिटिन नॉर्मल आलं, लोहाचा प्रश्न नाही’ असं कोणी म्हणालं तर शेजारी सीआरपी किती होता ते विचारा. लोह कमी ठरलं तर गोळ्या सुरू करून गप्प बसायचं नाही. या वयात जठर आणि मोठं आतडं दुर्बिणीनं बघावं लागतं. मावशींची कॅन्सरची भीती ईएसआरवरून चुकीची होती, पण तपासायची जागा असेल तर ती ही.

सांध्यांचं काय? इथं नळीपेक्षा स्वयंपाकघर जास्त सांगतं. आईंना विचारा, सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो? पाच-दहा मिनिटांत सुटत असतील आणि चालल्यावर, जिना चढल्यावर गुडघा जास्त दुखत असेल तर झीज वाटते. चूल पेटवून, चहा होऊन, भाकरी थापायची वेळ आली तरी मूठ वळत नसेल, अर्धा-पाऊण तास नाहीतर त्याहून जास्त, आणि हालचालीनं उलट बरं वाटत असेल, तर तो दाहाचा सांधा. पूर्वी सहज चढणाऱ्या बांगड्या अडतात का? हस्तांदोलन करताना चार बोटांची मुळं आडवी दाबली गेली तर कळ येते का? या प्रश्नांच्या उत्तरांवर मी आरए फॅक्टरपेक्षा जास्त भरवसा ठेवीन. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात असतो, आणि धडधाकट म्हाताऱ्यांतही तो पॉझिटिव्ह सापडतो. शंका राहिली तर अँटी-सीसीपी जास्त नेमकी तपासणी. आणि एक लक्षात ठेवा, आमवाताच्या कित्येक रोग्यांचे ईएसआर-सीआरपी सुरुवातीला चक्क नॉर्मल असतात. सुजलेला सांधा डोळ्यांसमोर असताना नॉर्मल आकड्यानं तो खोटा ठरत नाही.

आपल्या भागापुरते आणखी दोन-तीन प्रश्न. मागच्या वर्षभरात अंग मोडून काढणारा ताप येऊन गेला का? चिकुनगुन्याची सांधेदुखी महिनोन्‌महिने मागं लागते. घरी म्हशी आहेत का, एखादी गाभडली होती का, निरसं दूध पितात का? ब्रुसेलोसिस या जनावरांकडून येणाऱ्या आजारात येणारा-जाणारा ताप, घाम आणि कंबर-सांधे धरणं, आणि सीआरपी तुमच्यासारखाच बारीक. आणि तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही: आई मिश्री लावतात का? निपाणीपासून खानापूरपर्यंत साठीच्या आसपासच्या बऱ्याच बायकांच्या खिशात, कनवटीला ती डबी सापडते. हिरड्यांचा जुनाट आजार सीआरपी थोडा वर ठेवतो, लठ्ठपणाही ठेवतो. सांध्यांवर संशय घेत असताना आकड्याचा थोडा भाग हिरड्यांतून येत असायचा.

आता काही गोष्टी ज्यात आकड्याची वाट बघायची नाही. एकच सांधा एकाएकी गरम, लाल, टम्म आणि बरोबर ताप: त्याच दिवशी दवाखाना, सांध्यात पू असू शकतो. पन्नाशीपुढच्या माणसाला नव्यानं कानशिलात ठणका, घास चावताना जबडा दुखणं, वेणी घालताना टाळू हुळहुळणं, नजर अंधुक होणं: त्याच दिवशी, कारण यात डोळा कायमचा जाऊ शकतो. काळी, डांबरासारखी शौच किंवा चक्कर: त्याच दिवशी. (लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते.) दोन आठवड्यांपुढचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. टीबी ईएसआरवरून ठरवायचे दिवस गेले. टीबीत तो वाढतो खरा, पण नॉर्मलही सापडतो.

आणि ईएसआर शंभराच्या वर गेला तर मात्र मी कधी ‘बघू नंतर’ म्हणत नाही. एक निवृत्त शिक्षक आठवतात (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). कंबरदुखी, मणका झिजला म्हणून सहा महिने मालिश चाललेली. ईएसआर ११८, सीआरपी फक्त ४. हे दोन आकडे एकमेकांशी भांडत होते. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर काठापर्यंत नुसत्या चवडी. प्रथिनांचा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी तपासणी, करायला सांगितला आणि त्यातून मल्टिपल मायलोमा निघाला, हाडांच्या मगजाचा कॅन्सर. तिथं दाह नव्हताच, रक्तात भलतंच प्रथिन गर्दी करून होतं. म्हणून दोन आकडे जोडीनं वाचायचे. तुमच्या आईंचं चित्र असं नाही, ईएसआर मध्यम आणि सीआरपीही किंचित वर आहे. पण हिमोग्लोबिन कमी असल्यानं क्रिएटिनिन आणि एकूण प्रथिनं एकदा बघून घेतलेली बरी, खर्च फार नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, खायला काय द्यावं. हळद-दूध, आलं, जवसाची चटणी, खुशाल द्या. वजन जास्त असेल तर ते पाच-सात किलो उतरलं की गुडघे आणि सीआरपी दोघांनाही बरं वाटतं. मिश्री असेल तर सोडवा. पण नुसता ईएसआर कमी करणारं औषध नसतं, आणि असतं तेव्हा त्याचीच भीती वाटते. आठवडी बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या पुड्या तुम्हाला माहीत असतील, दोन रंगीत गोळ्या आणि एक बारीक पांढरी. ती पांढरी बहुतेक वेळा स्टेरॉइड निघते. दोन दिवसांत बोटं मोकळी, सीआरपी झक्क नॉर्मल, भूक लागते, चेहरा भरतो. सहा महिन्यांत साखर चढते, हाडं पोकळ होतात, आणि खरा आजार झाकला जातो. अशी पुडी आईंना चालू असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि बरेच दिवस चालू असेल तर आपल्या मनानं एकदम बंदही करू नका, ते जास्त धोक्याचं. काढ्यातही काय आहे ते विचारून घ्या.

पुढचा ईएसआर महिनाभर तरी करू नका. दर आठवड्याला नळी उभी करून उतरण बघत बसलात तर पैसे जातील आणि झोपही. करायचाच तेव्हा त्याच लॅबमध्ये, जागेवर. चेकअपच्या पॅकेजमधला हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी या कामासाठी नाही, तो हृदयविकाराच्या जोखमीच्या हिशेबासाठी आहे. तिथं १ आणि ३ चे टप्पे बघतात, आणि १० च्या वर गेला तर दोन आठवड्यांनी परत करायला सांगतात. तुमच्या आईंचा आधीच दहाच्या वर आहे.

डॉक्टरांकडं जाताना दोन्ही रिपोर्ट कागदावर न्या, मोबाइलवर बोटानं मोठं करून दाखवू नका. दोन वर्षांतल्या गोळ्यांची पाकिटं, पुडी, काढ्याची बाटली एका पिशवीत घाला. सकाळी बोटं सुटायला किती मिनिटं लागतात ते चार दिवस घड्याळ लावून लिहून ठेवा. दुखण्याची गोळी तोवर थांबवून पॅरासिटामॉलवर भागतंय का, ते फोनवर का होईना त्यांना विचारून घ्या.

आणि एक. पहिल्या रिपोर्टच्या फोटोत हिमोग्लोबिनच्या खालच्या दोन ओळी तुमच्या अंगठ्याखाली गेल्यात. त्यातली एक एमसीव्हीची असणार. तो आकडा ८० च्या खाली असेल तर डॉक्टरांसमोर कागद ठेवताना बोट आधी त्या ओळीवर ठेवा, ईएसआरवर नंतर.